मोटारीचीं दुखणीं

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एका पहाटे जर्मनींतील मानहाइम शहरांतून बेर्टा बेंझ नांवाची एक गृहिणी, नवरा झोपेंत असतां, त्यानें बनविलेली तीन चाकांची मोटार घेऊन बाहेर पडली. बरोबर ऑयगेन व रिशार्ड हे तिचे दोन मुलगे होते. जावयाचें होतें शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरवर, फोर्ट्सहाइम येथें, माहेरीं आईकडे. इतका लांबचा प्रवास तोंपर्यंत कोणींहि मोटारीनें केला नव्हता. वाटेंत पेट्रोल पंप नव्हता, गॅरेज नव्हतें, आणि ज्याला विचारावें असा जाणता मनुष्यहि नव्हता. इंधनाची नळी तुंबली तेव्हां तिनें टोपीची टांचणी घालून ती मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें तेव्हां मोज्याचा बंद काढून तारेभोंवतीं गुंडाळला. इंजिन तापे, म्हणून जागोजाग थांबून पाणी आणून घातलें. इंधन संपत आलें तेव्हां वीस्लोख गांवच्या एका औषधविक्याकडून तें विकत घेतलें. उतारावर लांकडी ब्रेक झिजूं लागले तेव्हां एका जोडे शिवणाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें; ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना तेथूनच निघाली असें मानलें जातें. संध्याकाळीं सुखरूप पोंचल्याची तार नवऱ्याला गेली.

कथा जुनी असली तरी तींतील अडचणी जुन्या झालेल्या नाहींत. आजच्या मोटारींत लहानमोठे अनेक संगणक असतात, इंधन मोजून आंत सोडण्याचें काम तेच करतात, आणि चालकासमोर दिव्यांची आरास मांडलेली असते. तरीहि इंधन, वीज, पाणी, वंगण, ब्रेक आणि चाकांतील हवा यांपैकीं कशांत तरी उणें पडल्यावांचून मोटार सहसा अडत नाहीं. फरक इतकाच कीं, बेर्टाबाईंना यंत्राचें पोट माहीत होतें, आणि आजच्या सुशिक्षित घरांत आठ-दहा लाख रुपयांची वस्तु दारांत उभी असूनहि तिचें बॉनेट कोणत्या खटक्यानें उघडतें हें पुष्कळांना ठाऊक नसतें. दसऱ्याला त्याच बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, हळदकुंकू लागतें, चाकांखालीं लिंबें ठेवलीं जातात. तें उचलून आंत पाहण्याचें मात्र राहून जातें. घरच्या माणसानें मोटार स्वतः दुरुस्त करावी अशी अपेक्षा कोणाचीच नाहीं. पण मुलाच्या अंगांत कसकस आहे हें आईला डॉक्टरच्या आधीं समजतें; तितकें समजावयास फारशी विद्या लागत नाहीं.

आरंभ ब्रेकपासून करणें योग्य, कारण इतर दुखणीं प्रवास थांबवितात, ब्रेकचें दुखणें प्रवास थांबूं देत नाहीं. मे महिन्यांत पुण्याचें एखादें कुटुंब मुंबईकडे किंवा कोंकणांत निघतें. गाडींत पांच माणसें, मागें सामान, टपावरहि सामान. खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला येईपर्यंत ती गाडी सुमारें पांचशे मीटर खालीं येते. माणसांसह चौदाशे किलोग्रॅम वजनाची मोटार तेवढी उंची उतरते तेव्हां जी शक्ति मोकळी होते तिनें वीस लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीला येईल; म्हणजे स्नानाचा एक चांगला मोठा बंब. हवेचा व रस्त्याचा विरोध ह्यांतला थोडा वाटा उचलतो. बाकी सर्व उष्णता, चालकानें केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर, चाकांतील लहान ताटाएवढ्या लोखंडी चकत्यांत आणि त्यांना दाबून धरणाऱ्या पट्ट्यांत जिरावी लागते. ब्रेक म्हणजे दुसरें कांहीं नसून गतीची उष्णता करणारें साधन आहे, आणि कोणत्याहि साधनाला सोसण्याची सीमा असते.

ह्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चालकाच्या पायाचा दाब चाकापर्यंत नेण्याचें काम एक द्रव करतो. त्याला ब्रेक ऑईल म्हणण्याची रीत आहे, जरी तें खरें पाहतां तेल नव्हे. हा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो, आणि मुंबई-कोंकणाच्या हवेंत ओलीला तोटा नाहीं. नवा असतां तो दोनशे अंशांच्या वर उकळतो; ओल मुरली कीं उकळण्याचें मान पुष्कळ खालीं येतें. घाटांत चकत्या तापल्या, द्रव उकळला, त्याची वाफ झाली, कीं पायाखालचें पेडल एकाएकीं मऊ लागतें व तळाला जातें. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा सारा जोर वाफ दाबण्यांत खर्च होतो आणि चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. सकाळीं गल्लींत ब्रेक उत्तम लागले होते, ह्या साक्षीचा अशा वेळीं उपयोग नसतो. हा द्रव साधारणतः दर दोन वर्षांनीं बदलावा असें बहुतेक कारखानदार सांगतात. गाडी किती चालली ह्याचा त्याच्याशीं संबंध थोडा. उभ्या गाडींतहि तो ओल पीतच असतो. पावसाळा संपेपर्यंत चालेल म्हणून हा खर्च पुढें ढकलणारीं कुटुंबें थोडीं नाहींत, आणि तीच गाडी घेऊन त्याच पावसाळ्यांत तीं महाबळेश्वरला जातात.

उपाय जुनाच आहे. घाट ज्या गियरमध्यें चढावा लागला असता त्याच गियरमध्यें तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला मागें ओढून धरतें आणि ब्रेकला उसंत मिळते. आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्यांतहि खालचा गियर धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठें आहे हें घाटांत नव्हे, घरीं पाहून ठेवावें. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें किंवा इंजिन बंद करणें ही काटकसर जिवावर बेतणारी आहे. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला मिळणारें साह्य दोन-तीन दाबांनंतर संपतें व सुकाणूचें चाक जड होतें. शिवाय आजच्या इंजिनांत, गाडी गियरमध्यें राहून उतारावर पाय काढला असतां, इंधन जवळजवळ बंदच होतें. म्हणजे वांचवावयाचें असें फारसें राहिलेलेंच नसतें.

इतकें करूनहि पेडल खालीं गेलेंच, तर तें भराभर वरखालीं दाबावें. पुष्कळदां थोडा दाब परत येतो. एकेक गियर खालीं आणावा आणि हातब्रेक हळूहळू ओढावा, एका झटक्यांत नव्हे, नाहींतर मागचीं चाकें घसरतात. गाडी दरीकडे न नेतां डोंगराच्या अंगाला घ्यावी. थांबल्यावर तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतूं नये. त्या वेड्यावांकड्या होतात किंवा तडकतात. अर्धा तास चहा घ्यावा, तोंपर्यंत त्या निवतात.

सपाटीवर ब्रेक आधींच सूचना देत असतात. दाबतांना बारीक किंकाळीसारखा आवाज आला तर पट्ट्या झिजत आल्या असें समजावें. पुष्कळ गाड्यांत त्यासाठींच एक लहानशी लोखंडी जीभ मुद्दाम बसविलेली असते. खरखर ऐकूं येऊं लागली म्हणजे पट्टी संपून लोखंडावर लोखंड घांसत आहे, आणि थोडक्यांत भागणारें काम आतां चकतीसह होणार. पेडल पायाखालीं थरथरलें तर चकती वांकडी असण्याचा संभव; गाडी एका बाजूला ओढली गेली तर एका चाकाचा ब्रेक अडकला असावा.

घाट चढतांना दुसरें दुखणें उद्भवतें, तें तापाचें. इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी हें निव्वळ पाणी नसावें; त्यांत कूलंट नांवाचा द्रव मिसळलेला असतो. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, मग गोठूं नये म्हणून घालावयाचा हा द्रव हवा कशाला, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, तो पाण्याला गोठूं देत नाहीं तसा लवकर उकळूंहि देत नाहीं, आणि इंजिनाच्या आंतल्या बाजूला गंज चढूं देत नाहीं. नळाचें किंवा विहिरीचें पाणी घातल्यास न्हाणीघरांतल्या बंबाच्या तळाशीं जसा पांढरा थर धरतो तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि कांहीं वर्षांनीं त्या बुजतात. अडल्या वेळीं साधें पाणी घालण्यास हरकत नाहीं. मात्र तें लवकर काढून टाकवावें. हा द्रव चवीला गोड व पोटांत गेल्यास विषारी असतो, तेव्हां त्याचा डबा मुलांपासून व कुत्र्यामांजरांपासून दूर ठेवावा.

तापाचा काटा वर चढूं लागला तर प्रथम गाडींतील थंड हवेचें यंत्र बंद करावें आणि गरम हवेचें पूर्ण सोडावें. मे महिन्याच्या उन्हांत हें शिक्षेसारखें वाटेल, पण त्या वाटेनें इंजिनाची बरीच उष्णता बाहेर जाते. काटा तरीहि लाल रेषेकडे सरकला तर बाजूला थांबून इंजिन बंद करावें. त्यानंतर होणारी चूक नेहमींची व भयंकर आहे: घाईनें रेडिएटरचें झांकण उघडणें. तें झांकण आंतलें पाणी दाबाखालीं ठेवतें, म्हणूनच तें शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं. झांकण सुटलें, दाब गेला, कीं सगळें पाणी एकदम उकळतें आणि कारंज्यासारखें तोंडावर येतें. ह्या एका अज्ञानानें हात-तोंड भाजून घेतलेलीं माणसें महामार्गावर पुष्कळ. वरची रबरी नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत त्या झांकणाला हात लावूं नये. पाणी कोठेंहि गळत नसतां वारंवार कमी होत असेल, धुराड्यांतून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत असेल, किंवा तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूला ताकासारखा पांढरा फेस दिसत असेल, तर इंजिनाच्या माथ्याखालचें गॅस्केट फुटून पाणी आंत शिरत असल्याचा संशय घ्यावा. ह्या आजारांत चालढकल केल्यास इंजिन जातें.

वंगणाची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. सपाट जागीं गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पांच-दहा मिनिटांनीं, तेल मोजण्याची सळई बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा पुरी आंत घालावी, आणि मग पहावी. दोन खुणांच्या मध्यें तेल असलें कीं झालें. तें काळें दिसलें म्हणून घाबरूं नये, काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. मात्र समोर तेलाच्या झारीचें चित्र असलेला लाल दिवा लागला तर घर दोन किलोमीटरवर असलें तरी गाडी पुढें नेऊं नये. इंजिनाला तेलाचा दाब मिळत नाहीं असा त्याचा अर्थ, आणि त्या दोन किलोमीटरांची किंमत नव्या इंजिनाएवढी होऊं शकते. दिव्यांची भाषा सर्वच गाड्यांत सारखी आहे: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जातां येतें. तोच लुकलुकूं लागला तर इंजिनांत कांहीं इंधन न जळतां बाहेर पडत आहे, व वेग लगेच कमी करावयास हवा.

ज्या घरांतील गाडी फक्त मंडईपर्यंत, देवळापर्यंत व रविवारीं लेकीच्या घरापर्यंत जाते त्या घराला वाटतें कीं आपल्या गाडीची झीज होतच नाहीं. वस्तुतः अशी गाडी लवकर आजारी पडते. इंजिन पुरतें तापण्याच्या आंत प्रवास संपतो, तेलांतील ओल उडून जात नाहीं, आणि गाडी सुरू करण्यांत बॅटरीची जी शक्ति खर्च झाली ती भरून निघत नाहीं. तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, ह्यांतील जें आधीं पुरें होईल तेव्हां बदलावें, असें अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलें असतें. मंडईच्या गाडीला त्यांतील 'एक वर्ष' हेंच लागू. आठवड्यांतून एकदां तिला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणावें. उभ्या गाडीचे आणखी एक शत्रु म्हणजे उंदीर. ते बॉनेटखालीं बिऱ्हाड करतात आणि तारा कुरतडतात. आठ दिवसांतून एकदां बॉनेट उघडणाराला त्यांचा सुगावा वेळीं लागतो.

बॅटरी मरणापूर्वीं सहसा निरोप देते. सकाळीं इंजिन सुरू होतांना आवाज लांबूं लागतो, दिवे मंद होतात, आणि एके दिवशीं नुसती टक्‌टक् ऐकूं येते. बॅटरीच्या टोंकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल तर ती कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुवावी. तार सोडतांना आधीं ऋण बाजूची सोडावी. तीन ते पांच वर्षें हें बॅटरीचें सामान्य आयुष्य. परंतु गाडी चालत असतांना बॅटरीचा लाल दिवा लागला तर दोष बहुधा बॅटरीचा नसतो. वीज निर्माण करणारें यंत्र किंवा त्याला फिरविणारा पट्टा बिघडलेला असतो. पुष्कळ गाड्यांत पाणी खेळविणारा पंपहि त्याच पट्ट्यावर चालतो. दिव्यापाठोपाठ तापाचा काटाहि चढूं लागला तर पट्टा तुटला असें समजून थांबावें.

आतां टायर. गाडीला पृथ्वीशीं जोडणारे तळहाताएवढे चार तुकडे, ह्यापलीकडे सगळी गाडी अधांतरीं असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्यें पूर्ण झाल्यापासून त्याच्या कॉंक्रीटवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या उन्हाळ्यांत वारंवार येतात. लोक कॉंक्रीटला दोष देतात. कॉंक्रीट तापतें हें खरें. परंतु कमी हवेचा टायर दर फेऱ्याला अधिक दबतो, अधिक वांकतो आणि स्वतःच्या आंतच उष्णता निर्माण करतो. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवावी हा सल्ला पेट्रोल पंपावर अजून ऐकूं येतो. तो उलटा आहे. किती हवा हवी हें चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेलें असतें, आणि भरलेल्या गाडीसाठीं वेगळा आंकडा असतो. हवा मोजावयाची ती टायर थंड असतां, पंधरवड्यांतून एकदां. टायरच्या अंगावर चार आंकडे एका लांबट चौकटींत कोरलेले असतात. ३५२२ असे असतील तर तो २०२२ च्या पस्तिसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारें होतें, बाजूला बारीक भेगा पडतात. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहत होती, मधला भाग झिजला असेल तर अधिक होती, आणि एकच कड झिजली असेल तर चाकें सरळ नाहींत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली कीं टायर काढावा. पावसांत तर त्याच्या पुष्कळ आधीं.

गाडीखालचा डाग वाचण्याची संवय फार उपयोगी पडते. पुढच्या बाजूला स्वच्छ पाणी ठिपकलें असेल तर तें थंड हवेच्या यंत्राचें आहे. त्याची चिंता नको. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी चिकट द्रव म्हणजे कूलंट. तपकिरी-काळा म्हणजे इंजिनाचें तेल. चाकाच्या आंतल्या बाजूला पिवळसर गुळगुळीत ओल दिसली तर ब्रेकचा द्रव गळत आहे, आणि ती गाडी जागची हलवूं नये. धुराचीहि अशीच ओळख असते: निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा म्हणजे इंधन अधिक जात आहे. थंडीच्या पहाटे दिसणारा पातळ पांढरा धूर ही नुसती वाफ.

पावसाळ्याविषयीं एक गोष्ट सोडून चालणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईंत पाण्यांत अडकलेल्या मोटारींत बसून राहिलेल्या कांहीं माणसांना प्राणास मुकावें लागलें. पाणी वाढलें कीं दारांवर बाहेरून दाब येतो, विजेच्या कांचा उतरेनाशा होतात. पाणी चाकांच्या मध्यापर्यंत येतांच गाडीचा मोह सोडून, कांचा उतरत आहेत तोंच उतरवून, माणसांनीं बाहेर पडावें. आणि पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. आंत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं, आणि दट्ट्याचा दांडा वांकतो. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमापत्रांत बहुधा मिळत नाहीं. इंजिनाच्या संरक्षणाचें कलम निराळें घ्यावें लागतें.

विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांना तेल व प्लग नाहींत, म्हणून देखभालच नाहीं असा समज पसरत आहे. टायर, ब्रेकचा द्रव आणि लहान बॅटरी त्यांनाहि असतेच. उलट ब्रेक कमी वापरल्यामुळें त्यांच्या चकत्यांवर गंज लवकर चढतो.

राहिला गॅरेजचा व्यवहार. 'गाडी आवाज करते' एवढेंच सांगून किल्ली देणाऱ्या गिऱ्हाइकाचें बिल फुगतें, आणि त्यांत मिस्त्रीची लबाडी असतेच असें नाहीं. आवाज शोधण्यांत त्याचा वेळ जातो. आवाज थंड इंजिनाला येतो कीं तापलेल्या, वेगाबरोबर वाढतो कीं इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, वळतांना येतो कीं ब्रेक दाबतांना, हें सांगतां आलें कीं अर्धें निदान होतें. वळतांना टकटक झाली तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा, वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर चाकाचें बेअरिंग. पिवळा दिवा लागला असल्यास संगणकांतील दोषाचा क्रमांक लिहून मागावा, आणि काढलेला जुना भाग पहावयास मागावा. शाळेच्या शंभर पानी वहींत तारीख, किलोमीटर व केलेलें काम लिहून ठेवणारें घर गाडी विकतांनाहि चार पैसे अधिक मिळवितें.

हवा भरतांना चार चाकें मोजून बहुतेक लोक निघून जातात. पांचवें चाक, म्हणजे स्टेपनी, मागें गालिच्याखालीं वर्षानुवर्षें पडून असतें आणि त्याची हवा महिन्यागणिक थोडीथोडी जात असते. तें बसलेलें आहे हा शोध साधारणपणें रात्रीं, पावसांत, कुंभार्ली घाटांतल्या एखाद्या वळणावर लागतो. त्याच वेळीं जॅकचा दांडा गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावर गेल्याचेंहि आठवतें.